तीन मिनिटांच्या आतली वीज

मी जिल्हा उद्योग केंद्रात उद्योग निरीक्षक आहे, अकरा वर्षं झाली. एका औद्योगिक वसाहतीत सारखी जाणाऱ्या विजेची ही गोष्ट. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत आणि मला कोणाला खाली पाडायचं नाहीये. उलट यात पहिली चूक माझ्या हातून झाली असं मला मनापासून वाटतं, म्हणून तर लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा उद्योग मित्र' नावाची समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव आमचे महाव्यवस्थापक म्हणजे जीएम साहेब, आणि टेबलाभोवती एमआयडीसी, वीज, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कामगार खातं, पोलीस, अग्रणी बँक असे सगळे, आणि त्यांच्यासमोर उद्योजक संघटनांचे प्रतिनिधी. उद्योग केंद्रं १९७८ पासून आहेत. पण लोक आम्हाला ओळखतात ते कर्जासाठी, अनुदानासाठी, सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या फायलींसाठी. ही महिन्याची मिटिंग बाहेर कोणाला फारशी माहीत नसते. माझ्या मते मात्र आमच्या ऑफिसचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे. विजेचा दर वाढणार असेल तर वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी होते, २००३ च्या विद्युत कायद्यातच तशी सोय आहे, संघटना तिथं ऑडिटर घेऊन जातात आणि नीट भांडतात. पण कोपऱ्यातल्या एका शेडमध्ये रोज पहाटे मशीन बंद पडतं हे लहान कारखानदाराने कुठं जाऊन सांगायचं? तर या मिटिंगमध्ये.

विषयपत्रिका मी बनवते, इतिवृत्तही मीच लिहिते. आणि त्यात एक विषय आदल्या हिवाळ्यापासून ठाण मांडून बसला होता: "औद्योगिक वसाहतीतील वीजपुरवठा सुरळीत करणेबाबत." अनुपालनात, म्हणजे वीज कंपनीच्या उत्तरात, दर महिन्याला तीच ओळ, "सदर फीडरची पाहणी करण्यात आली असून दोष आढळून आला नाही. कार्यवाही सुरू आहे." (फीडर म्हणजे वसाहतीला वीज पोचवणारी लाईन.) मार्चनंतर तक्रारी थांबल्या, पावसाळ्यात तर एकही नाही, म्हणून आम्ही विषय निकाली काढला. नोव्हेंबरात परत तोच विषय, परत तीच ओळ. मीच कॉपी-पेस्ट करत होते, खोटं कशाला बोलू.

तक्रार होती आमच्या मोल्डिंगवाल्या काकांची. चार इंजेक्शन मोल्डिंग मशीनं, तीन पाळ्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणारी, गाड्यांच्या वायरिंगच्या क्लिपा करतात, ग्लास-फिल्ड म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या. जानेवारीच्या मिटिंगआधी दोन दिवस मी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका युनिटच्या पडताळणीला गेले होते, येताना त्यांनी गेटवर हात करून थांबवलं. "मॅडम, पाच मिनिटं आत या, कागदावर कळत नाही ते बघून जा." आत गेले तर टूलच्या कपाटावर एक लांब वही, दोनशे पानी, दोऱ्याला बांधलेला पेन. रात्रपाळीच्या ऑपरेटरने हाताने रकाने आखलेले. तारीख, वीज गेली, वीज आली, कुठलं मशीन, किती शॉट (साच्यात एकदा भरलेला माल) वाया. वेळ मोबाईलमध्ये बघून मिनिटासकट लिहिलेली. शेजारी एका क्रेटमध्ये काळपट तपकिरी गोळे पडले होते, नारळाएवढे. मी विचारलं हे काय, तर काका म्हणाले, "हे तुमचं 'कार्यवाही सुरू आहे'." रागाने नाही हो बोलले, दमलेल्या आवाजात बोलले, ते जास्त लागलं.

मग समजावून सांगितलं. एक मिनिटभर वीज गेली तरी मशीन मधेच थांबतं, साच्यातला माल फुकट, हायड्रोलिक पुन्हा सुरू करा, साचा थंड ठेवणारा चिलर लगेच उचलत नाही, तोवर बॅरलमधलं तापलेलं नायलॉन खराब होतं, मग ते सगळं बाहेर काढून टाकायचं, त्याचे हे गोळे. एका मिनिटाच्या विजेमागे अर्धा-पाऊण तास जातो. आणि गिऱ्हाईक मोठी कंपनी, उशीर झाला की दंड लावते. पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा २००६ चा एमएसएमई कायदा आहे पण क्लिपा वेळेत गेल्या तर तो कायदा दाखवायचा, असं ते म्हणाले.

मी वहीची सहा पानं मोबाईलवर काढली. डिसेंबरच्या नोंदी मोजल्या तर ३१. संध्याकाळी ऑफिसात बसून विषयपत्रिकेला ती पानं जशीच्या तशी परिशिष्ट म्हणून लावली. जीएम साहेब सही करताना थांबले. "एवढं कशाला, एक ओळ पुरते की." मी म्हटलं, "साहेब, वर्षभर एक ओळच चाललीय." त्यांनी दोन पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "लाव."

मिटिंगचा दिवस. सभागृहात नेहमीसारखंच चाललेलं, ग्रामपंचायतीच्या कराचा वाद, रस्त्यावरचे खड्डे, बँकेत अडकलेली प्रकरणं. आमचा विषय नववा. वीज कंपनीचे कार्यकारी अभियंता उठले, म्हणाले डिसेंबरमध्ये या फीडरवर पुरवठा ४ वेळा खंडित झाला, चारही वेळची कारणं दिली आहेत. काका उठले आणि म्हणाले, एकतीस. त्यांनी पिशवीतून एक गोळा काढला आणि टेबलावर ठेवला. काचेवर असा ठक्कन आवाज झाला. सगळे गप्प.

जिल्हाधिकारी साहेबांनी दोघांकडे बघितलं, "चार की एकतीस?"

मला त्या क्षणी वाटलं आता जुंपणार. आजवर अशा वेळी हेच बघितलंय, अधिकारी म्हणणार आमच्या रेकॉर्डला नाही, उद्योजक म्हणणार तुमचं रेकॉर्ड खोटं, आणि मी लिहिणार "सविस्तर चर्चा झाली". पण अभियंता साहेब खाली बसले आणि परिशिष्ट वाचायला लागले. नीट, बोट फिरवत. आम्ही सगळे थांबलो. मग म्हणाले, "साहेब, दोन्ही आकडे बरोबर आहेत. यांच्या बहुतेक नोंदी तीन मिनिटांच्या आतल्या आहेत, त्या आम्ही वेगळ्या तक्त्यात धरतो. माझ्या चारमध्ये त्या येतच नाहीत." परत बोट फिरवलं, वेळेच्या रकान्यावरून. ५.१०. ५.४२. ६.०५. ५.२५. "हे सगळं पहाटेचं आहे," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःशीच. "आमचे लोक पाहणीला जातात अकरा वाजता." आणि चष्मा काढून माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, ही वही आधी का नाही पाठवली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वही वर्षभर त्या कपाटावर होती. काकांनी पहिल्या अर्जात लिहिलंही होतं की पहाटे वारंवार जाते. मी त्याचं शासकीय मराठीत "सुरळीत करणेबाबत" केलं आणि 'पहाटे' हा शब्द गळाला. एवढंच. एक शब्द. अभियंता साहेबांपर्यंत तो पोचलाच नाही, मग ते तरी काय करणार.

तिथंच ठरलं, संयुक्त पाहणी करायची, पण उद्या, पहाटे पाचला.

मी पावणेपाचला घर सोडलं. दोन स्वेटर, कानाला स्कार्फ. वसाहतीच्या मागच्या अंगाला ११ केव्हीची लाईन खडी क्रशरच्या बाजूने जाते आणि पलीकडे सगळा ऊस. त्या उसातून धुकं असं रस्त्यावर येऊन साचलं होतं की समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. अभियंता साहेब, दोन लाईनमन, संघटनेचे अध्यक्ष, काका आणि तो रात्रपाळीचा ऑपरेटर, पाळी मधेच सोडून आलेला, वही काखेत. साडेपाचच्या सुमाराला लाईनमन म्हणाला, "गप ऱ्हावा, ऐका." वर खांबावर तडतड ऐकू येत होती, कढईत मोहरी टाकल्यासारखी. डोळे सरावल्यावर दिसलं, पिन इन्सुलेटरच्या, म्हणजे तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या तुकड्याच्या, कडेने बारीक निळसर उजेड सरपटत होता. एका खांबावर, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. आणि ५.५२ ला एकदम चटका बसल्यासारखा आवाज झाला आणि वसाहतीतले सगळे दिवे गेले. त्या अंधारात मला फक्त एक उजेड दिसला, ऑपरेटरच्या मोबाईलचा. तो वेळ लिहीत होता.

सत्तर सेकंदांनी वीज परत आली.

दिवस उजाडल्यावर लाईन बंद करून घेऊन लाईनमन वर चढला आणि एक इन्सुलेटर काढून आणला. त्यावर बोट फिरवलं तर भिजलेल्या सिमेंटसारखा राखाडी लेप. क्रशरची धूळ. कोरडी असते तोवर काही होत नाही, पण पहाटे दव पडलं की तीच धूळ ओली होऊन वीज वाहून न्यायला लागते, चिनी मातीच्या पृष्ठभागावरून करंट खांबाकडे उतरतो आणि फीडर ट्रिप होतो. नऊ वाजता ऊन लागलं की सगळं कोरडं. अकरा वाजता दोष कसा सापडेल! आणि पावसाळ्यात? पाऊस ते धुऊन टाकतो. म्हणून तक्रारी थांबल्या होत्या आणि आम्ही विषय निकाली काढला होता. मी तिथं उभी राहून ते ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकं सरळ होतं सगळं.

पुढचं काम पटापट झालं. वसाहतीची सुट्टी गुरुवारी असते, संघटनेनं लेखी दिलं की त्या दिवशी पूर्ण बंद चालेल. हायड्रा, म्हणजे क्रेन, संघटनेनं दिली, माणसं वीज कंपनीची. स्टोअरमध्ये होते तेवढे पॉलिमरचे इन्सुलेटर क्रशरच्या समोरच्या खांबांवर बसवले, बाकीचे धुऊन पुसून घेतले. दुपारी सगळे एकाच हातगाडीवर वडापाव खात उभे होते, काका आणि अभियंता साहेब शेजारीशेजारी.

खरी अडचण पुढच्या मिटिंगला आली. क्रशरवाले आले, आणि भडकलेले. "मला विचारलं कोणी? सगळ्यांनी मिळून मला गुन्हेगार ठरवलं, मी उद्योजक नाही का?" आणि त्यांचं बरोबर होतं. मलाच काय, संघटनेलाही त्यांना बोलवायचं सुचलं नव्हतं. आपण सरसकट 'उद्योगांशी चर्चा केली' असं लिहितो, पण उद्योग म्हणजे काही एक तोंड नसतं, एकाची धूळ दुसऱ्याच्या इन्सुलेटरवर बसते, आणि जो मिटिंगला येतो त्याचंच म्हणणं कागदावर उतरतं. धूळ दाबायला पाणी मारणं, कन्व्हेअर झाकणं हे त्यांना बंधनकारकच होतं, प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी ते स्पष्ट सांगितलं. पण उन्हाळ्यात टँकरचं पाणी परवडत नाही हेही खोटं नव्हतं. जिल्हाधिकारी साहेबांनी कन्व्हेअरवर पत्रे लावायला दोन महिने दिले आणि पाण्याचं एमआयडीसीला तपासायला सांगितलं. पत्रे लागलेत. पाण्याचा विषय अजून विषयपत्रिकेवर आहे, क्रमांक सहा, आणि त्यात आता "रोज किती टँकर, कुठून, किती दराने" असं सगळं लिहिलेलं आहे.

काकांच्या वहीत फेब्रुवारीत पाच नोंदी झाल्या. शून्य नाही. अभियंता साहेब दर महिन्याला ती पानं मागून घेतात.

मी माझा अर्जाचा नमुना बदलला. आता त्यात वेळ, ठिकाण आणि 'अर्जदाराच्या शब्दांत' असा एक मोठा रकाना आहे, आणि तो रकाना मी विषयपत्रिकेत जसाच्या तसा उतरवते, बोलीभाषा असली तरी. एकदोघांनी नाक मुरडलं, शासकीय कागद असा असतो का म्हणून. मी म्हटलं असू दे.

आणि एक. मार्चच्या मिटिंगला मी जीएम साहेबांना विचारून त्या ऑपरेटरला बोलवलं. तसा कामगार या समितीचा सदस्य नसतो, विशेष निमंत्रित म्हणून बोलवलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, मागच्या खुर्चीवर अवघडून बसला. जिल्हाधिकारी साहेबांनी त्याची वही मागून घेतली, चाळली, कौतुक केलं आणि विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. तो उभा राहिला. म्हणाला, "साहेब, दुसऱ्या पाळीच्या बायका रात्री साडेअकराला सुटतात. गेटपासून हायवेपर्यंत खांब आहेत, दिवे नाहीत. चौदा खांब आहेत. मी मोजलेत."

मी लिहून घेतलं. रात्री साडेअकरा, गेट ते हायवे, चौदा खांब.