आमची वाटचाल: एक दिवसाचं पिल्लू ते चार आठवड्यांचं पिल्लू

गोव्यात गावठी कोंबडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शागोतीला (नारळ-मसाल्याच्या रश्श्याला) ब्रॉयलर चालतच नाही असं ठामपणे सांगणारी घरं आमच्या सत्तरी तालुक्यात अजून भरपूर आहेत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अंडी घेऊन बसलेल्या बाईला ती परत घरी न्यावी लागत नाहीत. अडतं ते पिल्लांपाशी. लोक हौसेने एक दिवसाची पिल्लं आणतात, पाऊस सुरू झाला की लाईट जाते, पिल्लं रात्रीत गारठतात आणि पंधरवड्यात खोका रिकामा. यात आणणाऱ्याची काही चूक नसते, पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, नीट पिसं येईपर्यंत त्याला स्वतःची ऊब राखताच येत नाही, आणि गावातल्या घरात तीन-चार आठवडे रात्रंदिवस ती ऊब द्यायला कुणाला वेळ असतो? तो वेळ आपण द्यायचा आणि लोकांना चार आठवड्यांची, लस दिलेली, पिसं आलेली पिल्लं विकायची, एवढ्या एकाच गोष्टीवर आमचा धंदा उभा आहे.

2017 ला माझ्या मिस्टरांनी कारखान्यातली नोकरी सोडली आणि घरामागचा रिकामा पडलेला गोठा आम्ही कामाला घेतला. आधी गिरिराज जातीची पिल्लं आणली, मग वनराज आणि कावेरी. पिल्लं बेळगावकडून चोर्ला घाटातून येतात, शक्यतो रात्रीची, म्हणजे उन्हाचा त्रास नाही. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात उतरलेला असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं म्हणून तर हा प्रवास जमतो, पण बलक आहे म्हणून निवांत राहायचं हे मला पटत नाही, जितक्या लवकर पाणी आणि खाणं तितकं पिल्लू ताठ.

म्हणून ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी शेगडी, आम्ही आदल्या दिवशीच पेटवून ठेवतो. खालचं तूस हाताला कोमट लागलं पाहिजे, नुसती हवा गरम असून भागत नाही, कारण पिल्लू पायाकडून गारठतं. भोवती दीड फूट उंच पत्र्याचा गोल गार्ड, गोलच, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. मग खोका उघडून मी एकेकाची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवते. एकदा गिळलं की ते मान वर करतं, पुन्हा वाकतं, आणि बाजूची चार पिल्लं त्याचं बघून पितात. भांडं उथळ लागतं आणि त्यात चार खडे टाकायचे, नाहीतर पिल्लं पाण्यात उतरून भिजतात. पाण्यानंतर कागदावर मक्याचा भरडा, कागद पण खरबरीत, गुळगुळीत कागदावर पाय फाकून पिल्लं लंगडी होतात. झोपायच्या आधी दहा-वीस पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून बघायची, मऊ आणि भरलेली असली तर ठीक, कडक लागली तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही, आणि रिकामी लागली तर त्या पिल्लाला अजून भांडंच सापडलेलं नाही. हे एक काम मी आजही कुणावर सोपवत नाही.

उबेचा हिशोब सोपा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला 95 फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला 5 कमी. थर्मामीटर आहेच, पण खरं सांगतात ती पिल्लंच. बल्बखाली गठ्ठा करून किंचाळतायत म्हणजे थंडी, गार्डला चिकटून चोच उघडी टाकून बसलीत म्हणजे गरम होतंय, सगळी एकाच बाजूला म्हणजे कुठूनतरी वारा शिरतोय. सगळीकडे पसरून कुणी खातंय कुणी आडवं पडलंय असं दिसलं की झोपायला जायचं. लाईटच्या भरवशावर सत्तरीत ब्रूडर चालत नाही म्हणून आता गॅस ब्रूडर आहे, आणि गॅस किंवा कोळसा वापरताना वरची हवा खेळती ठेवावीच लागते, ऊब जाईल म्हणून सगळीकडून ताडपत्री बांधली तर धुराने आणि अमोनियाने पिल्लं जातात.

पण गोव्यातली खरी लढाई पावसात, आणि ती तुसाशी. जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, तूस मुठीत दाबलं आणि त्याचा गोळा झाला की समजायचं कॉक्सी, म्हणजे पिल्लांच्या आतड्याचा रोग, दाराशी आलीय. कॉक्सीच्या जंतूंना ओल आणि ऊब दोन्ही लागतं आणि ब्रूडरमध्ये दोन्ही हजर असतं, मग तिसऱ्या आठवड्याच्या आसपास विष्ठेत रक्त दिसतं आणि पिल्लं पंख पाडून बसतात. औषध आहे, अँप्रोलियम पाण्यातून देतात, पण औषधापेक्षा रोज सकाळी तूस खालीवर करणं, भांड्याभोवतीचं ओलं काढून टाकणं आणि थोडा चुना मिसळणं जास्त उपयोगाचं. वास घ्यायचा तर पिल्लांच्या उंचीवर वाकून घ्यायचा, उभ्या माणसाला अमोनिया कळेपर्यंत पिल्लांचे डोळे चुरचुरायला लागलेले असतात.

मरेक्स या विषाणूच्या रोगाची लस हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच होते. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात थेंब, चौदाव्याच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. लस बर्फातून आणायची आणि कालवली की तास-दोन तासात संपवायची.

2020 च्या सुरुवातीला चिकनबद्दल अफवा उठल्या तेव्हा ब्रॉयलरवाल्यांचे हाल झाले, मग लॉकडाऊनमध्ये घाटातून पिल्लं येईनात. पण जी पिल्लं आमच्याकडे होती ती घरी बसलेल्या लोकांनी परसासाठी मागून नेली आणि तिथूनच महिला बचत गटांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. आता बॅच संपली की गोठा धुऊन, चुना मारून, दोन आठवडे रिकामा ठेवूनच पुढची पिल्लं घेतो, मागणी कितीही असो.

आमच्याकडून पिल्लं नेणाऱ्या वहिनी-मावशींना एवढंच सांगते, पहिले दोन-तीन दिवस खाद्य तेच ठेवा, हळूहळू बदला, पाऊस असेल तर रात्री एक बल्ब लावा आणि घरच्या मोठ्या कोंबड्यांत लगेच सोडू नका.