गिरणीवाल्याने वाचलेला स्टोरीबोर्ड

पत्रकारितेच्या मुलांना मी फिल्म शिकवतो. शेवटच्या सत्रात पाच मिनिटांची शॉर्टफिल्म करायची असते आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटची कागदावर काढलेली चौकट, दाखवल्याशिवाय मी कुणाच्या हाती कॅमेरा देत नाही. ‘सर, चित्रं येत नाहीत’ हे रडगाणं ठरलेलं. काड्यांची माणसं चालतात. माणूस चौकटीत कुठे आहे, कुठे बघतोय, कॅमेरा किती जवळ आहे, एवढं कळलं की झालं. पूर्वी मी सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी काढलेली स्केचेस दाखवायचो. ती बघून मुलं आणखीच बिचकतात, म्हणून बंद केलं.

यंदा एका गटाची गोष्ट पिठाच्या गिरणीतली. मुलगी दळण घेऊन येते, उधारीवरून खटका उडतो, ती परत जाते. रस्त्यावर ती डावीकडून उजवीकडे चालत येते आणि गिरणीत डावीकडे उभी राहून समोरच्या गिरणीवाल्याशी बोलते. नजरा जुळत होत्या, १८० अंशांची रेषा, म्हणजे दोन पात्रांमधली ती काल्पनिक रेघ जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, कुठेही ओलांडलेली नव्हती.

दुपारी दळण थांबल्यावर आम्ही साताऱ्यातल्या त्या गिरणीत जागा बघायला गेलो. स्क्रिप्ट मालकांना आधीच दिलेली होती. ती डब्यांच्या रांगेवर तशीच पडली होती, वर पिठाचा थर. चित्रांचे कागद मात्र त्यांनी हात झटकून घेतले. एकेक बघत गेले आणि मधेच थांबले.

“ही पोरगी हितं कशी हुबी ऱ्हाईल? हितं पट्टा फिरतोय. ओढणी अडकली म्हंजे?”

मग त्यांनी मोटर चालू करून दाखवली. पट्टा तर दिसलाच, शिवाय दोन हातांवरचं बोलणं ऐकू येईना. उधारीचे सगळे संवाद तिथेच गेले. आता भांडण वहीवर आपटलेल्या बोटाने आणि अडवून धरलेल्या डब्याने दाखवायचं. मला विचाराल तर फिल्म खरी तिथे सुरू झाली.

पण मुलगी पट्ट्यापासून हलवायची म्हणजे ती उजवीकडे जाणार आणि तिची नजर डावीकडे फिरणार. रस्त्यावरचे शॉट्स तसेच ठेवले तर उलटीच चालत आल्यासारखी वाटेल. एक जण म्हणाला, “एडिटिंगमध्ये फ्लिप करू.” दुसरीने वर बोट दाखवलं: गिरणीच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली असती. शेवटी सगळ्या चौकटीच उलटवल्या. कागद पालथे करून खिडकीच्या काचेवर धरले आणि मागून गिरवले. रस्त्याचे शॉट्स आता समोरच्या बाजूने घ्यायचे, तिथून दुपारी ऊन थेट लेन्समध्ये येतं. म्हणून रस्ता सकाळी आणि गिरणी दुपारी, असं शेड्यूलही तिथेच बसलं.

निघताना मालकांनी पुन्हा कागद मागितले.

“माझं नुसतं हातच काढल्यात. तोंड कुठाय?”

दिग्दर्शिका क्लोजअपचं महत्त्व सांगू लागली. त्यांना ते पटलं नाही. तिने मुकाट्याने एक चौकट वाढवली आणि त्यात मिशीवाली काडी काढली.