‘कुठून कळलं?’ : आमची वाटचाल

आमच्या टेबलाच्या उजव्या खणात एक लांबट वही असते. आता सातवी चालू आहे. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, पुस्तक, किती प्रती, पैसे आले की यायचेत, हे रकाने कुठल्याही धंद्याच्या वहीत सापडतील. आमच्या वहीत शेवटी एक रकाना जास्त आहे : ‘कुठून कळलं?’ २००९ पासून आमच्याकडे पुस्तक मागणाऱ्या प्रत्येकाला, फोनवर असो की दारात, आम्ही हे विचारत आलोय. छोट्या प्रकाशकानं पैसे कुठे घालावेत आणि कुठे मुळीच घालू नयेत, हे मला कुणी शिकवलं असेल तर या रकान्यानं. फी मात्र जबर भरली.

सुरुवात पुस्तकांपासून झाली नव्हती. २००३ साली नाशिकला रविवार कारंज्याजवळ जिन्याखालची एक खोली, एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर मी आणि नवऱ्यानं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, सुरू केलं. लगीनसराईत पत्रिका, श्रावण-भाद्रपदात पतसंस्थांचे अहवाल, मधल्या दिवसांत क्लासच्या प्रश्नपत्रिका, नाहीतर माश्या मारणं. २००६ मध्ये एक निवृत्त शिक्षक कवितांची वही घेऊन आले. अक्षरजुळणी करता करता नवरा म्हणाला, छापून देतोच आहोत तर प्रकाशक म्हणून आपलंच नाव घालू. अशी आमची प्रकाशनसंस्था. पैसे सरांचे, हौस आमची.

सहा फर्म्यांचं, म्हणजे शंभरेक पानांचं पुस्तक, पाचशे प्रती. मोठा हॉल घेतला, शाल-श्रीफळ आणलं, दीडशे माणसांचा चहा-बटाटेवडा सांगितला. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक गाडीत बसल्यावर उघडलं असावं. चाळीस मिनिटं ते ‘कविता म्हणजे काय’ यावर बोलले, या कवितांवर शेवटी दोन वाक्यं. त्या संध्याकाळी बासष्ट प्रती गेल्या, त्यातल्या पन्नासएक सरांच्या भाचे-पुतण्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घेतल्या. उरलेले गठ्ठे आमच्या दिवाणाखाली गेले. कविता वाईट नव्हत्या. त्या आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं.

मग आम्ही, सगळे करतात तसं, वर्तमानपत्रांना प्रती पाठवल्या. ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मुद्दाम बनवून घेतला होता. पंधरा प्रती गेल्या, परीक्षण एकही नाही. पाच महिन्यांनी एका दैनिकाच्या पुरवणीत ‘साभार पोच’च्या, म्हणजे नुसत्या मिळालेल्या पुस्तकांच्या, यादीत एक ओळ आली. तीत आमच्या संस्थेचं नाव चुकलेलं आणि किंमत पंचवीस रुपयांनी वाढलेली. सरांनी तरी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

वितरणाचा अनुभव त्याहून महाग पडला. पुस्तक पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात दिसलं नाही तर ते निघालंच नाही, असा समज होता. तो अगदीच चूक नाही म्हणा. एका वितरकाकडे चाळीस टक्के कमिशनवर दोन पुस्तकांचे गठ्ठे ट्रान्सपोर्टने पाठवले. दीड वर्षानं त्यांतल्या निम्म्याहून जास्त प्रती परत आल्या, मुखपृष्ठाचे कोपरे दुमडलेले, किमतीवर दुसऱ्याच पुस्तकाचं लेबल. परतीचं भाडं आमच्याकडे. विकलेल्या प्रतींचे पैसे अजून ‘पुढच्या आठवड्यात’ आहेत. मी त्यांना दोष देते असं नाही. रोज नवी पुस्तकं येणाऱ्या दुकानात आमच्यासारख्याची प्रत समोरच्या फळीवर कोण ठेवणार?

रकान्याचा जन्म असाच झाला. २००९ च्या उन्हाळ्यात चांदवडहून एक गृहस्थ एसटीने फक्त पुस्तक न्यायला आले. आमच्या त्या पुस्तकाची ना जाहिरात झाली होती, ना समारंभ. मी सहज विचारलं, “तुम्हाला कुठून कळलं?” म्हणाले, “मेहुण्याच्या घरी पाहिलं. त्यानं वाचून होईपर्यंत दिलं नाही, म्हणून आलो.” त्या रात्री नवऱ्यानं पट्टी घेऊन वहीत नवी उभी रेघ मारली.

पहिल्या दोन वर्षांचा रकाना वाचताना मला घाम फुटला होता. जिथे आम्ही पैसे ओतले, तो समारंभ, ते अभिप्रायाचे गठ्ठे, ती पुरवणीतली चौकोनी जाहिरात, त्यांचं नाव क्वचितच यायचं. त्याऐवजी ‘मोठ्या बहिणीने सांगितलं’, ‘शाळेतल्या मॅडम’, ‘डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये होतं’. ‘सावानाच्या ताई’ हे तर इतक्यांदा, की शेवटी आम्ही नुसतं ‘सा. ताई’ लिहायला लागलो. सावाना म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. तिथे पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला काउंटरवरून कुणी म्हणालं, “हे नेऊन बघा, तुम्हाला आवडेल,” की ते पुस्तक घरी जाणारच. तेव्हापासून प्रत्येक नव्या पुस्तकाच्या पहिल्या दहा प्रती मी ग्रंथपालांना स्वतः नेऊन देते. वाचायला. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ नाही.

हीच माणसं पुढे प्रकाशनपूर्व सवलतीला उपयोगी पडली. वहीतून अकराशे पत्ते निघाले. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर आम्ही चार ओळी लिहायचो : पुस्तक कशाबद्दल, किती पानं, किंमत किती, आत्ता पैसे पाठवलेत तर कितीला. मनीऑर्डरी यायच्या. छपाईचा कागद वाचकांच्याच पैशानं घेतलेला असायचा. ही पद्धत आमची नव्हे, मराठी प्रकाशनात जुनीच आहे. आम्ही फक्त मोठ्या ग्रंथांसाठीची युक्ती दीडशे पानी पुस्तकाला लावली. कार्डावर ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’ असे शब्द लिहायचे नाहीत हा माझा नियम. त्याऐवजी पुस्तकातलं एक वाक्य.

आता मास्तरांबद्दल सांगते.

मास्तर म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूच्या गाड्यांवर तीस वर्षं काढलेली. शेवटच्या मुक्कामी गाडीत झोपून त्यांनी रोजनिशी लिहिली होती, जुन्या वेबिलांच्या, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदांच्या, पाठकोऱ्या बाजूवर. हस्तलिखित आणलं तेव्हा पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, “ताई, हे लोकांना कळणार कसं?” तोवर आमच्याकडचे लेखक विचारायचे, “तुम्ही जाहिरात किती करणार?” दोन्ही प्रश्न वरवर सारखेच वाटतात. दुसरा विचारणाऱ्याचे गठ्ठे बहुधा दिवाणाखाली जातात.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला निघाली, म्हणून १ जून हा एसटीचा वाढदिवस. २०१४ साली तो रविवारी आला. आम्ही हॉल घेतला नाही. डेपोच्या आवारात, ड्यूटी बदलायच्या वेळेला, टेबल मांडलं. वाचनखुणा तिकिटाच्या आकाराच्या, पिवळट कागदावर छापल्या होत्या. तिकिटं तोवर मशीनमधून निघायला लागली होती, पण मास्तरांनी जुना चिमटा जपून ठेवला होता. प्रत विकत घेणाऱ्याची वाचनखूण ते त्या चिमट्यानं टोचून द्यायचे, टक्‌टक्‌ आवाज करत, “पुढे सरका” म्हणत. दुपारी दोनपर्यंत एकशे चाळीस प्रती गेल्या. किंमत एकशे साठ, आणि सुट्टे पैसे मास्तरांकडे भरपूर. आयुष्यात पहिल्यांदा, असं ते स्वतःच म्हणाले.

नंतरचं काम पुस्तकानं गाडीत बसून केलं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर कुणीतरी वाचत बसायचं, शेजारचा डोकावायचा. रकान्यात गावांची नावं बदलली : बोरगाव, दिंडोरी, मग साक्री, मग थेट गडहिंग्लज. ‘डेपो कॅन्टीन’, ‘बायकोचा भाऊ चालक आहे’, ‘शेजारच्या सीटवर’. हजाराची आवृत्ती सव्वा वर्षात संपली. त्याच वर्षी आम्ही एक कादंबरीही काढली होती, नामवंत चित्रकाराचं मुखपृष्ठ, पाठराखण, म्हणजे मागच्या बाजूचा मजकूर, मोठ्या समीक्षकाची. तिच्या दोनशे प्रती अजून आहेत. कादंबरी चांगली आहे, हे पुन्हा सांगते, कारण लेखक हे वाचतील. पण तिच्या वाचकांनी जमावं असा डेपो आम्हाला सापडला नाही.

दुसरी आवृत्ती नाशिकच्या साहित्य संमेलनासाठी काढली. संमेलन ३ ते ५ डिसेंबर २०२१ ला आडगावला होतं. पाचशे प्रती, गाळ्याचं भाडं, मुलांचा जेवणखर्च. हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती : नोव्हेंबरपासून एसटीचा संप चालू होता. आमचा वाचक येणार तरी कशानं? तीन दिवस मास्तर गाळ्यात बसून होते. दुसऱ्या दिवशी एक संपावरचा कंडक्टर आला आणि उभ्याउभ्या तासभर वाचत राहिला. मध्ये दोनदा हसला. मग पान दुमडायला गेला, थांबला, पुस्तक नीट ठेवून निघाला. मास्तर त्याच्यामागे धावले. त्या प्रतीची नोंद वहीत आहे, पैशांच्या रकान्यात ‘संप मिटल्यावर’. मिटल्यावर त्यानं खरंच पाठवले. तीन दिवसांत भाडंही निघालं नाही, ते वेगळं.

मोबाइलबद्दल लोकांना वाटतं तेवढं सांगण्यासारखं नाही. आमची सगळी जुनी पुस्तकं श्रीलिपीत. त्यातला उतारा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की निव्वळ गिचमीड. पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायला एक पावसाळा गेला, जोडाक्षरं तपासता तपासता डोळे शिणले. पण त्यानंतर रोज सकाळी एक पान पाठवायला लागलो आणि पोस्टकार्डाचं काम फुकटात होऊ लागलं. फुकट म्हणताच पुढची आफत. मास्तरांच्या पुस्तकाची कुणीतरी अख्खी पीडीएफ केली आणि गटागटांतून फिरवली. मास्तरांना वाचकांचे कौतुकाचे फोन येत होते आणि आमच्या वहीत नोंद नाही! एकानं तर मलाच ती पाठवली, खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. मी त्याला फोन केला. बिचारा ओशाळला, चार प्रती घेतल्या. रकान्यात काय लिहावं कळेना. ‘चोरी’ लिहिलं.

पुस्तकांवर रील करणारे हल्ली दरपत्रक पाठवतात. जळगावच्या एका कॉलेजातल्या मुलीनं तसलं काही न मागता, स्वतः विकत घेतलेल्या प्रतीवर चाळीस सेकंदांचं रील केलं. वसतिगृहाच्या गच्चीवर, मागे कपडे वाळत घातलेले. आठवड्यात सत्तर प्रती गेल्या. तेव्हापासून मी दरपत्रकांना उत्तरं देत नाही. पुरस्कारांना मात्र अजून प्रती पाठवते. प्रत्येक ठिकाणी तीन-चार, त्याशिवाय १९५४ च्या कायद्यानुसार चार ग्रंथालयांना चार. तीनशेच्या आवृत्तीत हे टोचतं.

टपालाचंही सांगायला हवं, कारण घरपोच पुस्तकाची किंमत वाचक खर्चासकट मोजतो. नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा आम्ही पार हादरलो होतो. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठीची नवी सेवा, ज्ञान पोस्ट, आली : तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. मास्तरांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती पार्सलच्या पुठ्ठ्यासकट तीनशे बारा ग्रॅम भरली. नवऱ्यानं पुठ्ठा काढून तपकिरी कागदाच्या दोन घड्या केल्या : दोनशे चौऱ्याण्णव. त्या दिवशी त्यानं वजनकाट्याचा फोटो घरच्या गटावर टाकला.

परवा सुरगाण्याकडून एक फोन आला. मास्तरांचंच पुस्तक हवं होतं. पत्ता लिहून घेतला, पैसे कसे पाठवायचे ते सांगितलं, मग नेहमीचा प्रश्न.

“कुठून कळलं म्हणजे? मी त्यांच्याच गाडीनं जायचो. एकदा त्यांनी तिकिटाच्या मागे चार रुपये लिहून दिले होते, उतरताना घ्यायचे राहिले. परवा भाच्याकडे पुस्तकावर त्यांचा फोटो पाहिला.”

“मग?”

“मग काय, ते चार रुपये कापून घ्या.”

मास्तरांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, “घ्या कापून. तिकीट मागू नका, असेल त्याच्याकडे.”

पावती चार रुपये कमी करूनच केली. रकान्यात लिहिलं : ‘सुट्टे’.