मोहोळच्या विहिरीत उतरलो, मग लिंबू पिळलं

सोलापूरहून मोहोळ तासाभराचं. मे महिन्यात मात्र तो तास अंगावर येतो. एस.टी.ची खिडकी उघडली तर झळा, लावली तर घुसमट. मामांच्या वस्तीवर पोचलो तर मामा घरी नाहीत. "नवी विहीर पाडायलेत की. दिवसभर तिकडंच," मामी म्हणाल्या.

मी निघालो होतो सीनेकाठची दरड बघायला. नदीनं कापलेल्या काठात गाळाचे थर उघडे पडतात, जुन्या पावसाळ्यांचा अंदाज येतो. पण तीस फूट आयता काप घरात असताना नदीवर कोण जातंय! यारीच्या बादलीत बसलो. (दोनदा उतरलो, तिसऱ्यांदा बसलो. यारीवाला मळलेली तंबाखू हातात घेऊन गप्पा मारत होता.)

वर चारेक फूट काळी माती, भेगेत मनगट जाईल इतकी फाटलेली. तिच्या बुडाशी पांढरे खडे, हरभऱ्याएवढे ते आवळ्याएवढे. ही चुनखडी. मामांचा तिच्यावर राग, कारण तिच्यापायी डाळिंब पिवळं पडतं. मला तीच हवी होती. पाऊस दणकून असेल तर मातीतला चुना विरघळून खोल निघून जातो. पाऊस थोडका आणि ऊन फार असलं की पाणी वाटेतच आटतं, चुना तिथंच गोठतो. खड्याच्या पोटातला कार्बनही कामाचा, कारण त्यातला बराचसा मुळांच्या श्वासातून आलेला. ज्वारी आणि उष्ण माळावरची बहुतेक गवतं हवेतला कार्बन एका रीतीनं घेतात, झाडं-झुडपं आणि गहू दुसऱ्या. त्यामुळं जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या कार्बनचं प्रमाण वेगळं पडतं, आणि खडा तपासला की तो घडताना वर गवताचा माळ होता की झाडी, ते कळतं. मालदांडी 35-1 हे ज्वारीचं वाण मोहोळातच निवडलं गेलेलं. आत्ता तयार होणाऱ्या खड्यात तिचीच खूण राहत असणार, असं आपलं वाटून गेलं.

खाली मुरूम, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, आणि पार तळाशी वीतभर लाल पट्टा.

"ह्यो गेरू लई वंगाळ," खोदणारे काका म्हणाले. "वला झाला की भित सोडतंय बगा."

काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि हे लाव्हाचे थर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर थंड झाला, उघडा पडून राहिला, पावसापाण्यानं कुजून त्याची माती झाली, लोखंड गंजलं. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. बहुतेक लाल पट्टे असेच घडलेले. मी बोट लावलं, नखात विटकरी पूड राहिली.

जेवताना मामांनी विचारलं, "पूर्वी आपल्याकडं पाऊस लई होता म्हणतेत. खरं काय रे?"

म्हटलं, कधीचं पूर्वी? भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास लोकांची चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती मागं पडली. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी त्याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. लोणारच्या तळ्यातल्या गाळातही त्याआधीचा, साधारण 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, लांबलेला दुष्काळ सापडला आहे.

"सातशे वर्सं?" मामांचा घास हातातच राहिला. "आन् आमी बहात्तरचं सांगत बसतो."

खिशातून एक खडा काढला, ताटातल्या फोडीनं त्यावर लिंबू पिळलं. बारीक फसफस झाली. प्रयोगशाळेत लिंबाऐवजी फॉस्फरिक आम्ल घालतात आणि सुटलेला वायू यंत्रात धरून मोजतात. आमच्याकडं तो ओसरीवरच उडून गेला. मामांनी ताटावर वाकून कान लावला, मग मामींना हाक मारली, "अगं, ऐक की हितं येऊन!"

मामींनी भाकरी थापता थापता एवढंच सांगितलं, "ती फोड आता आमटीत पिळू नका."