प्रभुभोजन चालवताना पाळकांनी काय पाहावे

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणार्थ चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, उपासनेच्या शेवटी घाईत उरकू नका. त्यापेक्षा संदेशच (प्रवचन) दहा मिनिटे आधी आटोपता घ्या. भाकर-प्याला वाटण्याआधी कोणी सहभागी व्हावे हे प्रेमाने, पण स्पष्ट सांगा: विश्वास ठेवणाऱ्यांनी, आणि मंडळीचा (चर्चचा) तसा नियम असेल तर बाप्तिस्मा घेतलेल्यांनी. हे राहिले की पाहुणे गोंधळतात, मुले हात पुढे करतात.

बायबलमधील १ करिंथ (करिंथकरांस पहिले पत्र) ११:२३-२६ वाचा. २७-२९ वाचताना आत्मपरीक्षणासाठी खरोखर एक मिनिट शांत राहा, वाद्यही नको. तिथला इशारा अयोग्य रीतीने खाण्याबद्दल आहे. पापाची जाणीव असलेल्या खचलेल्या माणसाला तो दूर लोटण्यासाठी नाही, हे आवर्जून सांगा.

छोटे प्याले दोन-तृतीयांशच भरा, काठोकाठ भरले की ताट फिरताना सांडतात. शंभर जणांना सुमारे ८०० मिलिलिटर द्राक्षरस लागतो. दहा प्याले जास्त ठेवा. अखंड भाकर मोडणार असाल तर खालून आधी अर्धवट चिरून ठेवा. मोडायला दोन्ही हात लागतात, म्हणून माइक स्टँडवर हवा. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांची भाकर वेगळ्या ताटात ठेवा.

वादक, बालवर्गातले शिक्षक आणि वाटणारे डीकन (मंडळीचे सेवक) हमखास घ्यायचे राहून जातात. त्यांना मिळाल्याशिवाय ‘घ्या, खा’ म्हणू नका.