फायरिंग पिनचं भोक

दुरुस्त केलेल्या रायफलमधून तिसरी गोळी झाडली आणि खालचा लिव्हर हलेना. तळहाताने ठोकला, तरी ठोकळा जागचा सरकला नाही. शेजारी रायफलचा मालक उभा, सत्तरी ओलांडलेला. बंदूक त्यांच्या पणजोबांची.

ती विंचेस्टरची हाय वॉल. एका वेळी एकच काडतूस. लिव्हर ओढला की मागचा जाड ठोकळा सरळ खाली उतरतो. जॉन ब्राउनिंगने १८७९ साली या रचनेचं पेटंट घेतलं, विंचेस्टरने ती विकत घेऊन १८८५ पासून १९२० पर्यंत बनवली. मी इचलकरंजीत लेथ शिकलो आणि आता कोलोरॅडोतल्या एका वर्कशॉपमध्ये हेच काम करतो.

आमच्याकडे आली तेव्हा नळी आतून गंजून खड्डे पडलेली, दस्ता चिरलेला. अंदाज मीच काढला होता. नवी अष्टकोनी नळी ४०० डॉलर, अक्रोडाचं लाकूड ६००, लोखंड हाडाच्या कोळशात भाजून कडक करायचे आणि रंगीत पाणी चढवायचे ३५०, नेम धरायची साइट ४००, किरकोळ सुटे भाग १५०. मग पंचेचाळीस तासांची मजुरी, २७००. एकूण ४६००. आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प बसले होते.

त्या पंचेचाळीसातले चौदा तास एकट्या दस्त्याचे. लोखंडाला काजळी लावायची, लाकडात दाबायचं, काढायचं, जिथे काळा ठिपका उठला असेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा काजळी. एक कानस जास्त मारली तर फट पडते, आणि झटका बसला की दस्ता तिथूनच चिरतो. हे तास वाचवता येत नाहीत. वाचवायला गेलो ते दुसरीकडेच.

ठोकळा कसाबसा उतरवला आणि काडतूस बघितलं. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यावर फायरिंग पिन आपटते. त्या टोपीचा मऊ धातू पिनभोवतीच्या फटीत मागे फुगून भोकात अडकला होता. जुनी पिन जाड, ठोकळ्यातलं तिचं भोकही मोठं. काळ्या दारूच्या कमी दाबाला ते चालून जायचं, आजच्या दारूला नाही. भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ कडी, बसवून बारीक पिन घालायची असते, हे मला ठाऊक होतं. आकडा पाच हजारांच्या आत राहावा म्हणून मी ते काम वगळलं होतं.

“माझी चूक आहे,” मी म्हटलं. ते म्हणाले, “मला आधी सांगितलं असतंस तर मी दिले असते पैसे.”

या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. ठोकळा एव्हाना भाजून कडक झालेला, साधं ड्रिल त्यावर घसरत होतं. भाजण्याआधी तासाभराचं काम, आता कार्बाइडच्या हत्याराने अर्धा दिवस गेला. मजुरी घेतली नाही, पण बुश-पिनचे पैसे त्यांनी हट्टाने दिले.

पुढच्या शनिवारी वीस गोळ्या झाडल्या. प्रत्येक टोपीवर छोटा, गोल, स्वच्छ खड्डा. लिव्हर दोन बोटांनी उतरत होता.