तटापलीकडचा जंजिरा

आज मुरूडला जंजिरा किल्ला पाहिला. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या मोहिमांनंतरही सिद्दींकडेच (मूळच्या आफ्रिकेतल्या हबशी घराण्याकडे) राहिलेल्या या किल्ल्याची गोष्ट तिथे पुष्कळ ऐकायला मिळते. इंग्रजी अमलाखालच्या जंजिरा संस्थानाबद्दल मात्र जवळजवळ कोणीच बोलत नाही, याचे मनापासून वाईट वाटले. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा मुलूख, शिवाय दूर काठियावाडातले जाफराबाद, असा या सिद्दी नवाबांचा कारभार होता आणि कोकणातली त्यांची बहुसंख्य रयत हिंदू होती. १८६८च्या सुमारापर्यंत अंतर्गत कारभारात इंग्रजांचा हस्तक्षेप नव्हता. त्यानंतर गैरकारभाराचे कारण देऊन फौजदारी न्यायाचे अधिकार नवाबाकडून काढून पोलिटिकल एजंटकडे, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीकडे, देण्यात आले. सत्तेचा गाभाच त्या दिवशी गेला, असे मला वाटते.

पुढे १९२२ साली सर सिद्दी अहमद खान वारले, तेव्हा वारस अवघा आठ वर्षांचा असल्याने १९३३पर्यंत राज्यकारभार राणी कुलसुम बेगम यांनी सांभाळला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. कुलसुम बेगम यांची ती अकरा वर्षे किल्ला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जावीत, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.